सगळ्यात वाईट रस्त्याचा धनी

लावास शहरापासून डोंगरातल्या लोंग रेबान गावापर्यंतच्या रस्त्यावर युदान पादान तीस वर्षं गाडी चालवत होता. एवढ्या वर्षांत त्याची गाडी एकदाही दोर लावून ओढावी लागली नव्हती. गावानं हे कधी ना कधी आपणहून बोलून दाखवलंही असतं, पण युदाननं कुणाला तेवढी उसंतच दिली नाही.

तांदळाची पोती, शाळेचे बाक, अडलेल्या बायका, पाळकबुवा, सगळं त्यानं चिखलातून वर-खाली नेलं होतं. तरी मिरी शहरात नोकरी करणारा त्याचा मुलगा लोकांना सांगायचा, "बाबा टॅक्सी चालवतात." हा शब्द युदानच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

म्हणून चिखल-खड्ड्यांत हौसेनं गाड्या घालणाऱ्या चारचाकीवाल्यांचा मिरीतला एक क्लब वार्षिक मेळाव्यासाठी खडतर मुलूख शोधतोय हे कळल्यावर त्यानं लगेच पत्र धाडलं : 'या बेटावर आमच्याहून वाईट रस्ता नाही. असलाच तर तिथून कुणी परत आलेलं नाही.' क्लबनं तीन मुलूख निवडले. एक पामच्या मळ्यांतला, एक शेजारच्या साबा राज्याकडच्या नदीखोऱ्यातला आणि तिसरा युदानचा. पाहणीला येणार होते क्लबचे टिओंग, पेशानं दातांचे डॉक्टर.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो रविवारी चर्चमध्ये. प्रार्थना संपल्यावर युदान उभा राहिला आणि छाती फुगवून म्हणाला, "शुक्रवारी मिरीहून पाहुणे येतायत. खास आपला रस्ता बघायला!" एवढं बोलून तो खाली बसला आणि सोमवारी भाडं घेऊन लावासला निघून गेला.

पाहुणा आपला रस्ता बघायला येणार म्हटल्यावर डोंगरातली लुन बावांग जमातीची माणसं काय करतील, हे त्याला कळायला हवं होतं. तो स्वतःही त्यांतलाच होता.

शुक्रवारी टिओंगना शेजारी बसवून तो वर निघाला. खालचा भाग लाकूड कंपनीच्या ट्रकांनी दाबून सपाट केलेला. टिओंगनी मांडीवरच्या कागदावर खडतरपणाला दहापैकी दोन गुण टाकले.

"अंकल, अजून काही दिसत नाही हो."

"पूल तर येऊ द्या, डॉक्टर. पुलापुढे देवाचं नाव घ्यावं लागतं."

पूल आला. पुलापुढे रस्ता होता. खड्डे नदीतल्या गोट्यांनी भरलेले, चरांवर ओंडके एकाला एक लावून बसवलेले, कडेचं गवत कापलेलं. वळणावर गावच्या बायका कुदळी बाजूला ठेवून गाणं म्हणत उभ्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे युदानची बायको रिनाई.

युदाननं काच खाली केली. "हे कुणी केलं?"

"आम्ही! तीन दिवस राबलो," रिनाई म्हणाली. "खाली वाकून बघा तरी. तुमच्या डोक्यापेक्षा गुळगुळीत झालाय."

"अगं, डॉक्टरांना खड्डे हवे होते!"

"दातांचे डॉक्टर ना? मग त्यांना खड्डे बुजवलेले आवडणार नाहीत?"

टिओंग इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. पण गुण त्यांनी वाढवले नाहीत.

आता एकच जागा उरली होती. भातखाचरांच्या मागून मिठाच्या झऱ्याकडे जाणारी, दहा वर्षं पडीक असलेली लाकूडतोडीची वाट. रिनाई मागच्या सीटवर चढली, पानात गुंडाळलेला मऊ भात तिनं पुढे दिला आणि युदानची हायलक्स गाडी चिखलात उतरली.

चिखल खरोखर बेरकी होता, वरून साय आणि खाली विहीर. युदाननं मनाशी ठरवलं, आज रुतायचंच. अब्रू गेली तर जाऊ दे, मुलूख निवडला जाऊ दे. त्यानं मुद्दाम खोल बाजू धरली. पण चाक घसरू लागलं की पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून उचलला जाई, हात स्टिअरिंग अर्धी वीत फिरवत आणि गाडी म्हशीसारखी डुलत पलीकडे निघे. तीनदा तो रुतायला गेला आणि तिन्ही वेळा पार झाला.

"पाच," टिओंग जांभई देत म्हणाले. "पामच्या मळ्याला सात आहेत. वाईट वाटून घेऊ नका, अंकल."

आता मुलाला काय सांगायचं, एवढंच युदानच्या डोक्यात होतं.

"अहो, उतरा खाली," मागून रिनाई म्हणाली. "डॉक्टरांना चालवू दे."

"माझी गाडी?"

"नाही, माझी! उतरा."

टिओंग चालकाच्या जागेवर बसले, बाह्या सारल्या, ॲक्सिलेटर दाबला आणि जेमतेम चाळीस पावलांवर गाडी दारापर्यंत खचली. त्यांनी आणखी जोर केला. गाडी आणखी खचली. शेवटी ते खिडकीतून बाहेर पडले, कमरेएवढ्या चिखलात उभे राहिले आणि लहान मुलासारखे ओरडले, "दहा! अंकल, दहा!"

गाडी काढायला दोन म्हशी, अकरा माणसं आणि अख्खी दुपार लागली. युदाननं दोराची गाठ स्वतः मारली, मान खाली घालून. टिओंगनी तेवढ्यात कागद भरून त्यावर सही केली.

"मुलूख ठरला. चाळीस गाड्या येतील. फक्त एक अट आहे. मेळाव्यात तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

"का?"

"तुम्ही चालवलंत की हा रस्ता कुणाला अवघड वाटतच नाही. मी अट लेखीच घातलीय."

"तो कागद मला द्या," युदान म्हणाला. "मुलाला पाठवायचाय."

गावाकडे परतताना टिओंगनी पुन्हा गाडी मागितली, आणि आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. डावीकडच्या सीटवर युदान कागदाची घडी खिशात जपत बसला होता. पहिलं वळण आलं तसा त्याचा उजवा पाय, ब्रेक नव्हताच तिथे, पुढच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला.

"डॉक्टर," तो दात आवळून म्हणाला, "दुसरा गिअर."