घरत बाईंची लाल खूण

चालकाने परीक्षा उघडून मागितली की घरत बाई संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवीत आणि विचारीत, "धडा बघलास ना? मंग मना सांग, काय बघलास."

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात बाई चालकांच्या प्रशिक्षणाची ऑनलाइन प्रणाली सांभाळत. ट्रेलरचालकाने सुरक्षेचे धडे मोबाइलवर पाहावेत, परीक्षा द्यावी, मग त्याच्या नावापुढील लाल खूण हिरवी व्हावी, असा नियम होता. प्रघात निराळा होता: एकाने टपरीवर चहा पीत साऱ्या मित्रांचे धडे न पाहताच पुढे सरकवायचे. तो प्रघात बाईंनी मोडला. मी तेथे कायदेविषयक सल्लागार म्हणून अलिबागहून जात असे. बाईंचा फोन अखंड वाजे. "पासवर्ड परत इसरलास? बायकोचं नाव तरी ध्यानात हाय ना?" असे म्हणत त्या थकल्या हाताने नवा पासवर्ड देत. हिरव्या खुणेसाठी गळ घालणाऱ्यास उत्तर ठरलेले: "लाल हाय तं लाल ऱ्हाऊ दे. शिकशील तवा हिरवी व्हईल."

एके दुपारी सागर नावाच्या नव्या चालकाचा पाय कंटेनरखाली चिरडला. बाईंची हरकत डावलून त्याला धड्यांविनाच कामावर लावले होते. व्यवस्थापक आले. "बाई, मागच्या तारखेने हिरवं करून टाका. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

त्या फॉर्मॅलिटीचा अर्थ मला स्वच्छ दिसत होता: प्रशिक्षण दिले होते, सबब चूक चालकाची, सबब भरपाई नाही. हे कृत्य फौजदारी गुन्हा ठरते, असे मी टेबलावर मूठ आपटून बजावले. बाईंनी आवाजही चढवला नाही.

"साहेब, त्याचा पाय गेला. मी त्याला शिकवलं व्हतं, असं आता कसं लिहू?"

"नोकरी करायची आहे ना?"

"करायची व्हती."

बाईंचे कंत्राट वाढवले गेले नाही. मी सल्लागारपद सोडले आणि व्यवस्थापनापासून कामगार कार्यालयापर्यंत त्यांच्यासाठी पत्रे धाडली. पोच मिळाली, उत्तर आजतागायत नाही. हा निर्लज्जपणा मी विसरणार नाही.

शेवटच्या दिवशी बाईंनी नव्या माणसाला सारे काम नीट समजावून दिले आणि उठता उठता म्हणाल्या, "येक ऱ्हायलं. खून बदलली का बदलनाऱ्याचं नाव नि तारीख हितं उमटते. ती कुनालाच पुसता येत न्हाय." त्या गृहस्थाने माउसवरील हात मागे घेतला.

सागरचा दावा सुनावणीस आला तेव्हा खूण लालच होती. दावा मान्य झाला. मी तत्काळ बाईंना फोन केला आणि त्यांच्या नोकरीसाठी आणखी एक सविस्तर पत्र धाडत असल्याचेही सांगितले.

"धाडा, काका," त्या म्हणाल्या. "पन मी आता जरा पडते. हल्ली फोन वाजत न्हाय, तं झोप लागते."