डूख धरणारी काकी

माझी काकी कुणालाही माफ करत नसे. ही तक्रार नव्हे. काही बायकांच्या हाताला चव असते, काहींचा गळा गोड असतो, तशी काकीची आठवण पक्की होती आणि ती तिने अपमानांसाठी राखून ठेवली होती. तिच्या लग्नाच्या पंगतीत एक बाई श्रीखंड वाढताना तिच्या माहेरच्या माणसांना वगळून पुढे गेली, म्हणून काकी त्या बाईच्या दारात हळदीकुंकवाला कधी गेली नाही. एका मासेवालीने तिला शिळे बांगडे ताजे म्हणून दिले होते. ती पुढे दारात आली की काकी तिला बसायला पाट द्यायची, पाणी द्यायची आणि तिच्यादेखत दुसरीकडून मासे घ्यायची. "विसरणं हा आजार हाय गो," ती मला म्हणायची. "मला अजून झालेला नाय."

काका बोटीवर नोकरीला होते. वर्षातले बरेच महिने ते समुद्रात आणि काकी रत्नागिरीजवळच्या भाट्याला, घरामागच्या नारळाच्या रोपांत. ही रोपं ती बागायतदारांना पोचवायची, त्यासाठी तिच्याकडे एक जुनी पेट्रोलची व्हॅन होती, मागच्या सीटा काढून टाकलेली. मी रत्नागिरीत नोकरीला लागले तेव्हा तिच्याकडेच राहायचे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पुढच्या सीटवर बसून तिच्याबरोबर हिंडणं हे माझं ठरलेलं काम. गाडीत ती गाणी लावू देत नसे. इंजिन काय म्हणतंय ते ऐकू आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

तिचं माहेर दापोलीजवळच्या मुरुडला. तिथे तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा काकीने एकच तयारी केली. फोन आला की पेट्रोलपंपावर थांबायलाही लागू नये म्हणून गाडीची टाकी कायम भरलेली ठेवायची. त्याच दिवसांत गाडी लांबच्या फेरीला मिसिंग करायला लागली. मधेच धक्का द्यायची, इंजिनाचा ठेका चुकायचा, मग पुन्हा ठीक. काकीने ती आमच्या भागातल्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. त्याने एकदा प्लग बदलले, एकदा फिल्टर बदलला, दर वेळी गॅरेजसमोर दोन चकरा मारल्या आणि हात पुसत सांगितलं, "वैनी, डोळे झाकून मुरुड गाठा. हिला काय एक झालेलं नाय."

फोन पहाटे आला, आई गेली म्हणून. आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. निघताना काकीने मुरुडला थोरल्या भावाला फोन करून सांगितलं, निघतेय, माझ्यासाठी थांबा. जयगडला खाडी फेरीबोटीने ओलांडायची आणि पुढे दाभोळची खाडी, असा आमचा जवळचा रस्ता. पण जयगडच्या अलीकडे सड्यावर गाडीने धापा टाकल्या आणि ती बंद पडली. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, सावलीला झाड नाही, फोनला रेंज नाही. बऱ्याच वेळाने गाडी आपोआप सुरू झाली, थोडी चालली आणि परत मेली. असं करत आम्ही खाडीपाशी पोचलो तेव्हा फेरीबोट सुटून पार मधोमध गेली होती. काकी धक्क्यावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. रडली नाही.

मुरुडला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येऊन ओटीवर बसली होती. काकीला आईचं तोंड दिसलं नाही.

एवढ्यावर ती कदाचित नशिबाला दोष देऊन गप्प बसली असती. पण मिस्त्रीला धास्ती पडली, की आता ही बाई गावभर आपलं नाव खराब करणार. नाचता येईना अंगण वाकडं. त्याने आधीच बाजारात सांगायला सुरुवात केली, की गाडी उत्तम होती, बाईच उशिरा निघाली. बाजारातली गोष्ट टेम्पोवाल्यांबरोबर मुरुडला जायला कितीसा वेळ लागतो? तेराव्याला भरल्या घरात काकीच्या थोरल्या भावाने, ज्यांना आम्ही मुरुडचे मामा म्हणायचो, पानावर बसलेल्या माणसांसमोर तिला विचारलं, "उशिरा निघालीस, मग गाडीला कशाला बोल लावतेस?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकीने माझा दंड असा धरला की बोटं उठली. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "ताजा राग नुसता तिखट लागतो. मुरू दे जरा."

मग काकी इंजिन शिकली. पुढच्या सुट्टीत येताना काय आणू, असं काकांनी बोटीवरून विचारलं. शेजारणींचे नवरे सेंट आणि चॉकलेटं आणत. काकीने पेट्रोलचं प्रेशर मोजायचं मीटर मागवलं. काकांनी ते निमूटपणे आणलं, कारण तेही तिला ओळखून होते. मोबाइलवर कोण कुठले मेकॅनिक बघून आणि काकांशी फोनवर वाद घालून ती एकेक गोष्ट शिकत गेली. मांडवात चटई टाकून तिने चारी प्लग काढून ओळीने मांडले. चारींचा रंग सारखाच, भाजलेल्या विटेसारखा. "एक सिलिंडर मेला असता तर गाडी लंगडली असती," ती म्हणाली. "ही लंगडत नाय. ही धापा टाकते. म्हंजे चारीजण उपाशी हायत." उपाशी म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पण दारात मीटर जोडलं की काटा जागच्या जागी, हलायचं नाव नाही. तिने मीटरची नळी पुढे आणली, काचेवर चिकटपट्टीने मीटर चिकटवलं आणि मला काट्यावर नजर ठेवायला सांगून गाडी रस्त्याला काढली.

अर्धी टाकी असली की काटा ढिम्म हलायचा नाही. भरलेल्या टाकीने लांब गेलं की तो हळूहळू खाली घसरायचा आणि मग मिसिंग सुरू. हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला थांबली, खाली उतरली आणि तिने टाकीचं झाकण फिरवलं. हवा सूं करून आत गेली. पुन्हा किल्ली मारली तर काटा जागेवर. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येतं काय? दुसरं भोक लागतं, हवेला," तिने मला समजावलं. घरी येऊन ती गाडीखाली शिरली. टाकीत हवा यायची नळी कुंभारीण माशीने घरट्यासाठी माती भरून बुजवून टाकली होती. आमच्याच रोपांच्या पिशव्यांतली ओली लाल माती. झाकणातून थोडी हवा शिरायची तीही गंजाने जवळजवळ बंद झालेली. टाकी जितकी भरलेली तितकी आत मोकळी जागा कमी, म्हणून ती लवकर गुदमरायची. आईसाठी केलेल्या तयारीनेच तिला वाटेत अडवलं होतं. हे कळल्यावर काकी बराच वेळ गाडीखालून बाहेरच आली नाही.

दुसरं कुणी असतं तर तारेने नळी मोकळी करून विषय संपवला असता. काकीने ती माती तशीच राहू दिली. पुढचे कितीतरी महिने ती गाडी अर्ध्या टाकीवर चालवत राहिली आणि मिस्त्री समोर दिसला की हसून मान हलवत राहिली. तिचं ते हसणं बघून मला मिस्त्रीची काळजी वाटायला हवी होती. मला आनंद होत होता.

वैशाखातल्या एका सकाळी तिने टाकी काठोकाठ भरली आणि गॅरेजवर गेली. "मिस्त्री, जरा शेजारी बसा. आवाज येतोय, ऐका नि सांगा," म्हणाली. तो बनियनवरच गाडीत बसला, पाच मिनिटांत परत येऊ म्हणून. मी मागे, उलट्या टोपलीवर. काकीने गाडी जी जयगडच्या रस्त्याला घातली ती सड्यावर, बरोबर त्याच कातळावर जाऊन मेली. ऊन डोक्यावर आलं होतं. मिस्त्री उतरला. त्याने प्लग बघितले, वायरी हलवल्या, पंपावर ठोकून बघितलं. कातळ खालून तापलेला आणि बॉनेट वरून. काकीने छत्री उघडली, माझ्या हातात कोकमच्या सरबताची बाटली दिली आणि त्याला विचारलंसुद्धा नाही.

"वैनी, कळत नाय काय झालंय ते," तो शेवटी म्हणाला.

"मी आज उशिरा निघाले काय, मिस्त्री?"

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो कातळावर बसायला गेला आणि चटका बसून उठला.

"चुकलो," तो म्हणाला. "गॅरेज नवीन होतं. भ्यायलो होतो."

"मला नको सांगू. मुरुडला सांग."

तिने झाकण फिरवलं, हवा आत गेली, गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मिस्त्री त्या झाकणाकडे बघतच राहिला. मग दोन्ही खाड्या ओलांडून, वाटेत पुन्हापुन्हा झाकण उघडत, काकीने त्याला तसाच बनियनवर मुरुडला नेला आणि माहेरच्या अंगणात उभा केला. शेजारपाजारची माणसं गोळा झाल्यावर मिस्त्रीने खाली मान घालून सगळं सांगितलं. गाडीत दोष होता, तो मला सापडला नव्हता, त्या वेळेवर निघाल्या होत्या, मी खोटं बोललो.

मुरुडचे मामा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. "वेळेवर निघाली होती ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "निघताना तिचा फोन आला होता की. पण लोकांना घाई होती, आमी थांबलो नाय. मग लोकच विचारायला लागले, लेकीसाठी का नाय थांबलात. कोणाला तरी उशीर झाला म्हणायला हवं होतं."

मला वाटलं, काकी आता काहीतरी बोलेल, आयुष्यभर लक्षात राहील असं. ती फक्त मिस्त्रीकडे वळली. "चला, तुमाला घरी सोडते." फेरीबोटीवर तिने त्याला स्वतःच्या हाताने सरबत दिलं. "तुमचं मिटलं," म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने नळी साफ केली, नवं झाकण बसवलं आणि पुढे ती गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हातात गेली नाही.

भाऊबीजेला काकी पुन्हा कधी मुरुडला गेली नाही. मामांचा फोन आला की ती उचलायची, "ती घरात नाय" असं स्वतःच्याच आवाजात सांगायची आणि ठेवून द्यायची. काका तिला एकदा म्हणाले, म्हातारा झालाय तो, सोड आता. "मी कुठं धरलंय?" ती म्हणाली. "त्यानंच आईला धरून ठेवायला हवं होतं, जरा वेळ."

गेल्या वर्षी एका सकाळी रोपांना पाणी घालताना काकी गेली. मी मामांना लगेच कळवलं. ते म्हणाले, निघालोच, साडी घेऊन येतो. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी पडावी लागते, तोवर माणसं थांबतात. दुपारी त्यांचा फोन आला, फेरीबोट चुकली, थांबा जरा. काका ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मिस्त्री स्मशानात लाकडं पोचवून आला होता, डोळे लाल. "ताई, थांबूया काय?" त्याने विचारलं. मी काकीचं कपाट उघडलं. तिच्या आईचं एक जुनं लुगडं तळाशी घडी करून ठेवलेलं होतं. तेही माहेरचंच. ते मी तिच्या अंगावर घातलं आणि म्हणाले, "उचला."

मामा पोचले तेव्हा सगळे आंघोळी करून अंगणात बसले होते. त्यांच्या हातात साडीची पिशवी होती. मी पिशवी घेतली, त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामा, उशिरा निघालात?"