नागूचा फोटो

आईशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एखादा नसेलही. बरं, दोन-चार ठिकाणी माझा हात लागलाय. पण फोटो-स्टुडिओवाल्याचं काय घेऊन बसलात, रीटच केल्याशिवाय आम्ही काहीच बाहेर देत नाही.

सोलापुरात आमचा तिघांचा स्टुडिओ. फोटो काढणार नागनाथ, म्हणजे नागू. कॉम्प्युटरवर बशीर. आणि काउंटरवर गप्पा हाणणारा मी. लग्नं सीझनलाच होतात, माणसं मात्र बारा महिने जातात. त्यामुळं हार घालून भिंतीवर लावायचे फोटो, हाच आमचा खरा धंदा. घरचे रडत येतात आणि चहा येईपर्यंत कोटाच्या रंगावरून भांडायला लागतात. किस्से साचणार नाहीत तर काय!

टेंभुर्णीचे दोन भाऊ आले होते. वडील जन्मभर धोतर-बंडीत वावरलेले. थोरल्याला फोटोत कोट पाहिजे, धाकट्याला फेटा. बशीरनं दोन्ही चढवलं, वर स्वतःच्या मनानं टायपण लावला. बरोबर त्यांची म्हातारी आई होती. तिनं फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "मानूस झ्याक हाय. पर मी ह्याच्या घरात नव्हते बा."

उजनीच्या काठावरच्या एका घरात वडिलांचा एकच फोटो. दोन्ही हातांवर भला मोठा मासा आडवा धरलेला. घरचे म्हणाले, देवाशेजारी लावायचाय, तेवढा मासा काढा. बशीरनं मासा सफाईनं काढला. हात राहिले तसेच, एवढे लांब पसरलेले. आता ते गृहस्थ भिंतीवरनं सगळ्यांना थाप मारतायत असं दिसायला लागलं. बशीर म्हणाला, हातपण खाली घेतो. मुलगा हसत हसत डोळे पुसायला लागला. "राहू द्या. वडील घरी असेच बसायचे."

आणि एक रिटायर्ड गुरुजी. मागनं पोरं कसलाबी फोटो लावतील म्हणून स्वतःच आगाऊ काढायला आले, बायकोला घेऊन. हार घातल्यावर कॉलर झाकते का, तेही बघायचं होतं. नागूनं जवळच्या फुलवाल्याकडनं हार आणून गळ्यात घातला. गुरुजी खूश. बाईंनी मात्र प्रिंट हातात आल्या आल्या पालथी ठेवली. म्हणाल्या, "झाकून ठेवा हो घरी. आत्तापासून सवय नको लागायला."

या सगळ्यांना सरळ बसवणारा आमचा नागू एका सकाळी चहा पिता पिता गेला. डॉक्टर हार्ट म्हणाले.

आणि मग लक्षात आलं, नागूचा फोटोच नाही! मोबाईलच्या जमान्यात खरं वाटणार नाही. पण कुणी सेल्फी काढायला लागला की हा मोबाईल हिसकावून घ्यायचा, "आण हिकडं, तुला अँगल कळत न्हाई." स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरला बाजूला सारून ह्यानंच कॅमेरा घेतला होता. अल्बममध्ये सुरेखावहिनी मुंडावळ्या बांधून एकट्या, शेजारची खुर्ची मोकळी.

तेराव्याला भिंतीवर फोटो पाहिजे, एवढंच वहिनींचं मागणं. दुसऱ्यांच्या मयतांना आम्ही कोट शिवले आणि आमच्या माणसाला साधा चेहरा मिळेना. आधार कार्डावरचा मोठा केला, तर वहिनी म्हणाल्या, "ह्यांना कुठनं पकडून आणलंय?" मग बशीरनं नाक भावाचं घेतलं, डोळे मुलाचे घेतले आणि जोडले. वॉर्डात उभा राहिलेला कुणीतरी उमेदवार तयार झाला. बशीरनंच तो पुसला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वहिनी स्वतः स्टुडिओत आल्या. त्यांच्या भावाच्या लग्नातला, कुंभारीच्या मांडवातला ग्रुप फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर उघडायला लावला. पुढं खुर्च्यांवर म्हातारे, मधोमध फेटा बांधून वहिनींचे गुरप्पामामा, मागं बायका, कडेला वहिनी खळखळून हसतायत. म्हणाल्या, हा मोठा करा, फ्रेम करा.

बशीर चाचरत म्हणाला, "वहिनी, ह्याच्यात नागूभाई किधर है?"

"हे सगळे कुणाकडं बघायलेत?"

मी म्हणालो, "कॅमेऱ्याकडं."

"आणि कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

बशीर उठला आणि त्यानं प्रिंट लावली. माझं मन मानेना. चांगल्या धडधाकट माणसांच्या फोटोला हार घालायचा, पाहुणे काय म्हणतील? मी हळूच सुचवलं, हार नको, नुसतं फूल ठेवू. वहिनी म्हणाल्या, "हारच. मोठ्ठा."

तेराव्याला झेंडूचा हार घातलेली ती अख्खी वरात भिंतीवर. समोर समई. येणारा प्रत्येक पाहुणा हात जोडायचा, आणि मग हळूच स्वतःला शोधायचा. एक काकू तर मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, मी कुठली साडी नेसलेय, हारात दिसंना.

तेवढ्यात कुंभारीहून गुरप्पामामा आले. चपला काढल्या, फोटोपुढं आले, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर समोर स्वतःच, फेट्यासकट, गळ्यात हार. मामा मटकन खाली बसले. छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "आं? मी कवा गेलो? मला कुणी सांगितलं बी न्हाई!"

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. एवढा शेवटचा भाग मी घुसडलाय. हा किस्सा सांगताना लोक तिथं हसतात आणि मलाही तिथनं पुढं बोलावं लागत नाही.

मामा खाली बसले नाहीत. बराच वेळ फोटोकडं बघत उभे राहिले. मग फेटा नीट केला, मान ताठ केली, हनुवटी जराशी वर घेतली आणि भिंतीच्या अलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघून म्हणाले,

"काढ की रं नागू. किती येळ असं ऱ्हायाचं?"