पंचमीच्या तोंडावर उभा केलेला खांब

शिराळ्याजवळच्या एका साखर कारखान्यात चौऱ्याहत्तर साली मळीची टाकी बांधायचं निघालं, तेव्हा पायाचे खांब ठोकणाऱ्या टोळीचे मुकादम होते हंबीरराव. पलटणीतून पेन्शनीत आलेले. तिथं त्यांनी कुठकुठल्या नद्यांवर पूल उभारले हे ऐकत बसलं, तर हिंदुस्थानात तेवढ्या नद्या आहेत का, अशी शंका यायची. त्यांची निम्मी नोकरी लंगरात बटाटे सोलण्यात गेली, असं गावातली काही जळकी माणसं म्हणत. म्हणोत बापडी.

काम दिसायला सोपं. तीन पायांच्या उंच तिकाटण्यावर लोखंडी घण विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर ओढून न्यायचा आणि सोडून द्यायचा. खाली सिमेंटचा खांब उभा. घण बसला की तो थोडा आत जायचा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी चिकण माती, तिच्या तळाशी मुरूम. मुरमाला टेकला की खांब जागचा हलत नाही, घण नुसता ठणकतो. मग टाकीनं खुशाल बूड टेकावं. विंचवर जोतीराम असायचा. त्याचा एक डोळा दोरावर आणि दुसरा मुकादमांच्या गळ्यातल्या शिट्टीवर; काम चालू-बंद करायचा हुकूम तिचाच.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी हंबीररावांचे व्याही, लेकीचे, अंजनाचे सासरे नानासो, लोणंदहून शिराळ्याची नागांची पंचमी बघायला आले. आता व्याही दारात आलेला, आणि त्याला आपला घण दाखवायचा नाही? दुपार कलली होती, तरी मुकादमांनी नवा खांब उभा करायला लावला. इंजिनिअरसाहेब धावत आले.

"हंबीरराव, आज नको. एका दुपारात हा उतरायचा नाही, आणि उद्या तुमची सुट्टी. घण बसत असतो तोवर या मातीतलं पाणी दाबलं जातं, माती लिबलिबीत होते, खांब सरकतो. मध्येच थांबलात की पाणी मुरतं आणि माती खांबाला आवळून धरते. तळाला टेकल्यावर आवळली तर चांगलंच आहे, पण अर्ध्यात आवळली तर पंचाईत."

"सायेब, माती हाय ती, सासू न्हवं, धरून बसायला!"

नानासो खो खो हसले. व्याही हसला म्हटल्यावर साहेबांचं कोण ऐकतो?

"बरं," साहेब म्हणाले. "खांब वाया गेला तर शिट्टी जोतीरामाकडं."

दिवस मावळला तेव्हा खांब बरोबर अर्ध्यावर होता. रात्री काम ओढावं, तर टोळीला शिराळा गाठायची घाई, आणि मुकादमांना व्याह्यांना मिरवायची. दुसऱ्या दिवशी तर प्रश्नच नव्हता. पंचमीला जमिनीवर घाव घालायचा नाही; नांगर नाही, कुदळ नाही, मग घण कसला? "परवा दोन दणक्यांत बसवतो," म्हणून हंबीररावांनी साहेबांना वर धीर दिला, आणि पंचमीचा अख्खा दिवस नानासोंना मिरवणुकीतल्या एकेका नागाची ओळख करून देण्यात घालवला. जणू सगळे नाग त्यांच्याच पलटणीतले.

तिसऱ्या दिवशी घण पडला. ठण्ण! खांब ढिम्म. पुन्हा पडला. ठण्ण!

"मुरूम लागला," हंबीररावांनी जाहीर केलं.

"शेजारचा खांब याच्या दुप्पट खोल गेलाय," साहेब म्हणाले. "मुरूम काय तुम्हाला भेटायला वर आला?"

मग मुकादमांना दुसरं कारण सापडलं: खालून नागानं विळखा घातलाय. नारळ फुटला, वाटीभर दूध ओतलं. दूध मातीनं पिऊन टाकलं, खांबाला मात्र सोडलं नाही.

"मुकादम," विंचवरनं जोतीराम म्हणाला, "सासू लय घट्ट बसलीया."

हंबीररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "घण शेंड्यापतूर घे!"

"आवं, डोकं फुटंल खांबाचं."

"घे म्हंतो न्हवं!"

घेतला, सोडला. खांबाचं डोकं भोपळ्यासारखं फुटलं. साहेबांनी हात पुढं केला, आणि हंबीररावांनी शिट्टी गळ्यातून काढली. ती काढताना टोपीला अडकली, तेवढा वेळही त्यांना फार वाटला. नानासो तेव्हा लोणंदच्या गाडीत बसले होते, हे एक नशीब.

फुटका खांब सोडून शेजारी नवा उभा राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी. शिट्टी जोतीरामाकडं, विंच हंबीररावांकडं. दुपारी त्यांची बायको लीलाबाई भाकरी घेऊन आली. जोतीरामानं जेवणाची शिट्टी फुंकली. विंच थांबेना.

"आवं, जेवून घ्या की," लीलाबाई म्हणाली.

"जेवाय बसलो तर माती आवळंल."

"सायेबानं सांगितलं तवा कुटं गेल्ता ह्यो शानपणा?"

"हात मोकळा न्हाई. घास दे तोंडात."

"समद्यांम्होरं?"

"दे म्हंतो न्हवं!"

आणि लीलाबाईनं, लग्नातसुद्धा लाजून जो घास दिला नव्हता तो, पिठलं-भाकरीचा, अख्ख्या टोळीदेखत दिला. पोरं फिदीफिदी हसली, पण उपाशीच राबली. उन्हं उतरता उतरता घण मुरमावर ठणकला. काम थांबवायची शिट्टी जोतीरामाची. पण ती फुंकण्याआधी त्यानं विंचकडं बघितलं. हंबीररावांनी पिठल्यानं माखलेली मिशी हलवली, मगच ती वाजली.