अंगणात बदललेला टायमिंग बेल्ट

बाबांना हात थरथरण्याचा आजार जडला, तेव्हापासून त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काढलेली. आमच्या जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "गॅरेज कशाला? अंगणातच करू. हात तुझे."

मी बँकेत कारकून. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला घेऊन नागपूरला निघायचं होतं, बहिणीच्या बाळंतपणाला. आई गावातच, रामघाटाजवळ राहणाऱ्या मावशीकडे गेली होती आणि सारखे फोन करत होती, "झालं का रे?"

होत नव्हतं. एक बोल्ट गंजून बसलेला, तो सुटेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. अखेर चाकांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवून नवा बेल्ट चढवला, ताणला आणि मी किल्ली घ्यायला उठलो.

"थांब! आधी हाताने फिरव," बाबा ओरडले.

पान्याने इंजिन फिरवू लागलो. मध्येच काहीतरी अडलं. मी जोर लावणार, तोच बाबांनी माझं मनगट धरलं.

"व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. वाकेल तो. बेल्ट उतरव."

"परत सगळं?"

"परत."

माझा संयम सुटला. पाना फरशीवर टाकून मी फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. बाबा पायरीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून.

"काय चुकलंय ते मला इथून दिसतंय," ते हळू म्हणाले, "आणि उठून नीट करता येत नाही. कधीपासून असंच चाललंय."

मी पाना उचलला. बेल्ट ताणताना वरचं चाक सरकलं होतं. या वेळी बाबांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. चाक त्यांच्या हातांबरोबर किंचित हलायचं, ते श्वास रोखून थांबायचे आणि खुणा जुळल्या की म्हणायचे, "आता!"

इंजिन हाताने सरसर फिरलं. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. बाबा बॉनेटपाशी कान लावून उभे राहिले. मी बंद करायला गेलो तर म्हणाले, "चालू दे."

मग म्हणाले, "उद्या मीपण येतो."

थरथरत्या हातांनी बाळ घेता येणार नाही, म्हणून आठवडाभर ते नागपूरला यायला नको म्हणत होते.

"बाळाचं काय?" मी विचारलं.

"मांडीवर ठेवतील की," बाबा म्हणाले आणि बॅग काढायला आत गेले.