बाईंचा तिसरा खळगा

जाधव बाई तारे दिवसा बघायच्या. रविवारी दुपारी खिडकीला गोधडी लावून संगणकासमोर बसायच्या. अवकाशातल्या दुर्बिणीनं मोजलेला ताऱ्यांचा प्रकाश घरबसल्या कुणालाही तपासता येतो, हे उचगावात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ दिसे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो आणि रेघेत खळगा पडतो. बाई तो शोधत.

कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. त्यांना तारकागुच्छांतले तरुण तारेच लागत. "शांत म्हातारे सोडून ही वांड पोरं कशाला धरलीत?" मी चिडवायचो.

"लई लुकलुकत्यात, व्हय. बारका ग्रह घावणं अवघडच. पर गुच्छातलं समदं तारं एका वेताचं की! एकाचं वय कळलं की सगळ्यांचं कळलं, ग्रहाचंबी. रेडकू न बघता म्हशीचं बालपण कसं कळंल?"

अखेर एका ताऱ्यात त्यांना दोन खळगे सापडले. बातमी फुटली आणि गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष दस्तगीर यानं दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लावला: हात जोडलेल्या बाई, मागे कड्यासकट शनी, खाली 'ग्रह शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाई तणतणत चौकात गेल्या.

"उतरव ते! दोन खळगं ताऱ्याच्या डागानंबी पडत्यात. तिसरा ठरल्या येळंला पडला तर ग्रह."

"पडंल की मॅडम!"

"पडू दे. मग लाव."

फलक उतरला. पण दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या भागाकडे वळली होती. तिला परतायला दोन वर्षं होती. बाईंना कॅन्सर निघाला आणि डॉक्टर तर महिन्यांत बोलत होते. मला राहवेना. "ग्रह आहेच, असं मनाशी तरी म्हणा," मी म्हणालो.

"मला बरं वाटावं म्हणून त्यो ग्रह हुतोय व्हय?" त्या हसल्या. "असला, तर मी नसले म्हणून फिरायचा थांबणार न्हाय. तुम्ही बघा तेवढं."

रेघ कशी वाचायची ते त्यांनी मला अंथरुणावरून शिकवलं. पावसाळ्याआधीच त्या गेल्या. मला दुःखापेक्षा राग जास्त आला; कुणाचा, ते कळेना.

दुर्बीण परतली. नवी मोजमापं आली, तेव्हा मी खिडकीला चादर लावून बसलो. बाईंनी सांगितलेल्या वेळेला खळगा होता.

तसाच उठून दस्तगीरकडे गेलो आणि तिसरा खळगा पडल्याचं सांगितलं. त्यानं मला गोठ्यामागे नेलं. फलक कडब्याच्या गंजीवर अंथरलेला होता. उन्हानं शनी उडाला होता, बाईंचा चेहरा फिकटला होता.

मी फलकावरची धूळ झटकली.

"चला, धरा ते टोक," दस्तगीर म्हणाला. "मग लाव, म्हणल्या हुत्या की मॅडम."