सतराव्या कादंबरीतला माणूस

सोळा कादंबऱ्या, आणि सोळाही वेळा लढाईवर गेलेला नायक परत आला. कुणी हात गमावून, कुणी दृष्टी गमावून, पण आला. दवाखान्याच्या नोंदखोलीत दिवसभर टंकलेखन करायचं आणि पहाटे दोन तास लिहायचं, असा या लेखिका बाईंचा बावीस वर्षांचा नेम. "युद्ध बघितलंय का कधी?" असं चिडवणाऱ्या भावाला त्या म्हणत, "तू तरी प्रेम कुठे बघितलंस?"

त्यांची एक खोड होती. नायकाचं नायिकेला पत्र त्या खरोखर लिहीत, पाकिटावर स्वतःच्याच घरचा पत्ता घालून टपालपेटीत टाकत, आणि ते टपालाने घरी आल्यावरच पुढचं प्रकरण सुरू करत. वाट पाहिल्याशिवाय वाट पाहणारी बाई लिहिता येत नाही, हा त्यांचा हट्ट.

सतराव्या वेळी नऊ दिवस झाले तरी पत्र येईना. नायिकेचं नाव ठरलं नव्हतं, म्हणून पाकिटावर नुसता इमारतीचा पत्ता होता. नव्या पोस्टमनने ते तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंकडे टाकलं. त्यांचा नवरा अकरा वर्षांपूर्वी लढाईत बेपत्ता झालेला.

बाई चौकशीला खाली गेल्या, तर ताई नवी साडी नेसून बसलेल्या. पुढ्यात पत्र: 'जिवंत आहे. उशीर झाला. येतोय.'

"अक्षर त्यांचं नाही," ताई म्हणाल्या. "पण हात गेला असेल, दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असेल. तुमच्याच पुस्तकात आहे की तसं."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. पण बाईंनी सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

ताई बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदा तरी न आलेल्याचं लिहा."

बाईंनी लिहिलं. प्रकाशकाने कपाळाला हात लावला.

"बाई, लोक धीर यावा म्हणून तुम्हाला वाचतात. त्याला परत आणा."

"ज्याचा माणूस आला त्याला धीर कशाला लागतो?"

"मग हे मला छापता येणार नाही."

बाईंनी कागदांचा गठ्ठा उचलला. आणखी दोघांनी नाही म्हटलं. चौथ्याने कुरकुरत छापलं. बाईंनी शेवटची ओळसुद्धा हलू दिली नाही. जुन्या वाचकांची रागावलेली पत्रं आली, त्यातली काही वाचून बाई रडल्याही. पण अठरावी लिहायला घेतली.

चार दिवसांत पुस्तक संपवून ताई वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"शेवट फार वाईट केलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"काल दाराला आतून कडी लावून झोपले. अकरा वर्षांत पहिल्यांदा."